कॅन्सरच्या ऑपरेशनआधीची तयारी: वजनकाट्यावर विसंबू नका

फाईल, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी, हे सगळे बॅगेत भरतातच, त्यावर वेळ घालवत नाही. मागच्या वेळी मीही सगळं भरलं होतं. बाबांचं वजन दोन महिने तेवढंच होतं म्हणून मी निर्धास्त राहिले, आणि ऑपरेशननंतर त्यांना पलंगावरून उठवायला दोन माणसं लागली. पोटरी हातात आली तेव्हा कळलं, मांस उरलंच नव्हतं. स्नायू आटत होते, पायावर सूज चढत होती, आणि काट्यावर दोन्हीची बेरीज तेवढीच दिसत होती. आता दुसरं ऑपरेशन आहे, म्हणून लिहून ठेवतेय.

तर पहिलं काम खुर्चीचं. तारीख ठरेल त्याच दिवशी, उद्या नाही. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, पेशंटने हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उठायचं आणि बसायचं, तुम्ही बाजूला उभं राहून मोबाईलवर सेकंद मोजायचे. स्नायू झिजलेत का ते ठरवायच्या आशियाई निकषात 12 सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद कमी झालीय असा संशय घेतात, युरोपियन निकषात 15 च्या वर. आकडा तारखेसकट कागदावर लिहा. दर आठवड्याला परत. वजनही लिहा, पण खुर्चीचा आकडा लिहिल्याशिवाय नुसतं वजन लिहू नका.

माणूस अंगाने जाड असेल तर जास्तच फसायला होतं, चरबीखाली स्नायू गेलेले डोळ्यांना दिसत नाहीत आणि 'तब्येत चांगली आहे की' म्हणून सगळे गप्प बसतात. सीटी स्कॅन बहुतेकांचा झालेला असतोच, त्यात कमरेच्या तिसऱ्या मणक्याजवळच्या एका कापावरून (स्कॅनमधल्या एका आडव्या चित्रावरून) स्नायू किती आहे ते मोजता येतं. नेहमीच्या रिपोर्टात ते सहसा लिहीत नाहीत, म्हणून सर्जनला विचारा, आणि विचारताना खुर्चीचा कागद समोर ठेवा.

मग खाणं. डाएटिशियन ऑपरेशनच्या आधी गाठायचा, नंतर नाही. वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रोटीन, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम, आणि ते प्रत्येक जेवणात थोडं थोडं, एकदम रात्री नाही. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने पावडरी सुरू करू नका. कुपोषण फार असेल तर ऑपरेशन 7 ते 14 दिवस पुढे ढकलून आधी पोषण द्यावं असं युरोपियन गाइडलाइन्स सांगतात, तेव्हा डॉक्टर थांबा म्हणाले तर तारखेवरून भांडू नका. मी भांडले होते.

नुसतं प्रोटीन पुरत नाही, स्नायूला काम लागतं. रोज चालणं, शिवाय जोर लावायचे व्यायाम, फिजिओथेरपिस्टला विचारून. दमतात म्हणून झोपवून ठेवू नका, पडून राहिल्यावर म्हाताऱ्या माणसाच्या पायांतली ताकद दहा दिवसांतसुद्धा कमी होते. आणि हो, या आठवड्याचा खुर्चीचा आकडा लिहिला का?

आदल्या रात्री: बहुतेकांना घट्ट अन्न भुलीच्या 6 तास आधीपर्यंत आणि आरपार दिसणारं पातळ पेय (पाण्यासारखं, दूध नाही) 2 तास आधीपर्यंत चालतं, पण आपल्या पेशंटचं भूलतज्ज्ञांना विचारा, उगीच संध्याकाळपासून उपाशी ठेवू नका.

ऑपरेशननंतर दुखण्याची गोळी वेळेवर, दुखलं की कोणी हलत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की लगेच बसवा, उभं करा, खाणं सुरू करा. सूज आहे तोवर वजनावर विश्वास नको.

घरी सोडताना खुर्ची परत, टाके सांभाळून, डॉक्टरांना विचारून. आकडा लिहा आणि कागद डिस्चार्जच्या पेपरला पिनेने लावा, पुढच्या तपासणीला तोच दाखवायचाय.