जीनोमआधी वसाहत: माशांच्या रोगजंतूवर काम सुरू करताना

गोड्या पाण्यातील माशांच्या कल्ल्यांना आणि त्वचेला ग्रासणाऱ्या कॉलमनॅरिस रोगाच्या जिवाणूचा, म्हणजे फ्लेवोबॅक्टेरियम कॉलमनारेचा जीनोम (संपूर्ण डीएनए) वाचायला घेतला, तेव्हा माझा सगळा अभ्यास सिक्वेन्सिंगचे (डीएनए-क्रम वाचण्याचे) यंत्र आणि संगणकावरील आज्ञावली यांचाच होता. या जिवाणूचा जीनोम ३२-३३ लाख बेस-जोड्यांचा असतो. माझी पहिली असेंब्ली, म्हणजे वाचलेले तुकडे जोडून उभा केलेला जीनोम, ८० लाखांजवळ गेली. तुकड्यांमधील जीसीचे (ग्वानिन व सायटोसिन या बेसांचे) प्रमाण आलेखावर मांडले, तर एकाऐवजी दोन उंचवटे उठले: एक ३१ टक्क्यांजवळ, दुसरा ६१ टक्क्यांजवळ. दुसरा उंचवटा एरोमोनास या वेगळ्याच जिवाणूचा होता. चूक यंत्राची नव्हती, जिवाणू वाढवण्याच्या माझ्या प्लेटवरची होती: तिथे दोन जिवाणूंची भेसळ झाली होती.

आजारी माशाच्या कल्ल्यावर एरोमोनास अनेकदा असतो आणि पौष्टिक माध्यमावर तो इतक्या झपाट्याने वाढतो की सावकाश वाढणारा फ्लेवोबॅक्टेरियम त्याखाली झाकला जातो. म्हणून नवख्यांनी टोब्रामायसिन हे एरोमोनासला रोखणारे प्रतिजैविक घातलेले, कमी पोषणाचे शीह नावाचे माध्यम वापरावे, असे मी आग्रहाने सांगेन. हवी असलेली वसाहत (एका जिवाणूपासून वाढलेला ठिपका) पिवळी, चपटी, कडेने मुळांसारखी पसरलेली आणि आगरला घट्ट चिकटलेली असते; तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की पिवळा रंग तांबूस होतो. एवढ्याने भेसळ नसल्याचे सिद्ध होत नाही, त्यामुळे एकच सुटी वसाहत उचलून ती निदान तीनदा नव्या प्लेटवर रेघाटावी. मात्र यापलीकडे फार पिढ्या वाढवू नये, कारण वारंवार पुनर्वाढ केल्यास मुळांसारखी ठेवण आणि रोगकारकता दोन्ही हरवू शकतात. शुद्ध संवर्ध (एकाच जिवाणूची वाढ) मिळताच ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवावा.

पुढचे काम त्या मानाने सरळ आहे. शंभरपट वाचन, म्हणजे प्रत्येक बेस सरासरी शंभरदा वाचलेला, हवे असेल तर सुमारे ३२ कोटी बेस पुरतात. फक्त आखूड रीड (यंत्राने सलग वाचलेले तुकडे) घेतल्यास जीनोममध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या राइबोसोमल आरएनएच्या जनुकांपाशी असेंब्ली तुटते, तिथे लांब रीडच सांधा जुळवतात.

नाव मात्र शेवटी पुन्हा तपासावे. २०२२ मध्ये या जिवाणूची चार प्रजातींत विभागणी झाली, आणि संपूर्ण जीनोमची सरासरी समानता साधारण ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रजात वेगळी धरतात. शुद्ध संवर्धाचा जीनोम त्या कसोटीला लावल्यावर, ज्याला मी वर्षभर कॉलमनारे म्हणत होतो तो फ्लेवोबॅक्टेरियम कोवे निघाला आणि शीतपेटीतील प्रत्येक कुपीवरची चिठ्ठी मला बदलावी लागली.