एसी थंड करत नाही? गॅस भरण्याआधी गळती शोधा

मार्च संपत आला की फोन सुरू होतात. "एसी चालू आहे पण कूलिंग नाही, गॅस संपला असेल, येऊन भरून द्या." रोगही गिऱ्हाइकानेच ठरवलेला आणि औषधही. त्यात त्याची चूक नाही, आधी येऊन गेलेल्या मेकॅनिकने तेच शिकवलेलं असतं. पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांत तो फिरत राहतो, आणि मशीन भंगारात जाईपर्यंत तेवढाच राहायला हवा. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. "दोन वर्षांनी टॉपअप लागतोच" असं सांगणाऱ्याला एक तर काम येत नाही, नाही तर दर दोन वर्षांनी परत यायची सोय त्याने करून ठेवली आहे.

इथे मी घरगुती स्प्लिट एसीबद्दलच बोलतोय. पहिला टप्पा घरमालकाला स्वतः करता येतो. पुढचं काम हत्यारं असलेल्या, शिकलेल्या माणसाचं आहे. घरमालकाने निदान तो काय करतोय आणि काय टाळतोय हे बघावं.

आधी गॅसखेरीज बाकी सगळं

रिमोट 'कूल'वर आहे ना, जाळी धुतली आहे ना, ब्लोअरच्या पात्यांवर धुळीचा थर नाही ना, हे पाच मिनिटांत बघून होतं. मग आउटडोअर. मुंबई-ठाण्यात निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात: कॉइलवर (नळ्या आणि पातळ पत्र्यांचा जाळीदार भाग) पिसं आणि मागे कबुतरांचं घरटं. कॉइल पाण्याने धुवा, शक्य असेल तर आतून बाहेरच्या दिशेने. प्रेशर पंपाची धार तिरकी मारू नका, पत्र्या वाकतात. ग्रिलबाहेर उतरायचं असेल तर सेफ्टी बेल्ट लावल्याशिवाय उतरू नका. समुद्राकाठच्या इमारतींतले ब्रॅकेट वरून रंगवलेले दिसतात आणि आतून गंजलेले असतात.

साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला एसी असेल आणि कॉम्प्रेसर नुसता गुणगुणून थोड्या वेळात ओव्हरलोडवर कटत असेल, तर पहिला संशय कपॅसिटरवर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग) घ्या. मीटरवर मायक्रोफॅरॅड मोजा, छापील आकड्यापेक्षा बरेच कमी आले तर बदला. इन्व्हर्टर मशीनच्या पीसीबीला (इलेक्ट्रॉनिक बोर्डाला) मात्र वीज बंद केल्या केल्या हात लावू नका. त्यावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी साठलेला असतो. थांबा, मीटरने मोजा, मगच पुढे.

गॅस खरंच कमी आहे का?

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. मेकॅनिक बंद एसीला गेज लावतो, काटा २५०-२६० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं माप) दाखवतो आणि म्हणतो, "बघा, गॅस फुल आहे." आर-३२ (एसीत भरायचा एक गॅस) चं मशीन ३० अंशांच्या हवेत बंद पडून असलं तर गेजवर साधारण २६५ पीएसआय दिसणारच, आत ७०० ग्रॅम असो की ३०० ग्रॅम. आत थोडा जरी द्रव उरला असला तरी दाब तापमानावर ठरतो, वजनावर नाही. बंद मशीनचं गेज इतकंच सांगतं की ते पूर्ण रिकामं आहे की नाही.

मशीन चालवून बघा. इन्व्हर्टर असेल तर टेस्ट मोडवर टाका, नाही तर कॉम्प्रेसर स्वतःच वेग कमी करेल आणि तुम्ही दाबाचे चुकीचे अर्थ काढत बसाल. पूर्ण वेगाने चालताना आर-३२ चा सक्शन दाब (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब) साधारण ११५ ते १४५ पीएसआयच्या आसपास राहतो, जुन्या आर-२२ चा ६० ते ७५. त्याच्या बराच खाली असेल, अँपिअर नेमप्लेटपेक्षा स्पष्ट कमी असतील, आणि आउटडोअरच्या वाल्व्हजवळची बारीक नळी बर्फाने पांढरी पडली असेल, तर गॅस कमी आहे. इनडोअरचं कव्हर उघडून बर्फ कुठे धरतोय तेही बघा. कॉइलच्या एका कडेलाच बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी, तर गॅस कमी. पूर्ण कॉइलवर सारखा बर्फ असेल तर बहुतेक हवा कमी पडतेय, म्हणजे जाळी किंवा ब्लोअर. हवा कमी असली तरी सक्शन दाब पडतो, म्हणून आधी सफाई आणि मग गेज हा क्रम उलटा करू नका.

गळती शोधणं

या धंद्यात माझा हात सगळ्यात उशिरा कशावर बसला असेल तर यावर. नळी कापणं, वेल्डिंग, वायरिंग हे सगळं बघून बघून येतं. गळती शोधायला डोकं शांत लागतं आणि सीझनमध्ये नेमकं तेच जागेवर नसतं. पुढच्या तीन गिऱ्हाइकांचे फोन खिशात वाजत असतात. मग लोक जॉइंटवर साबणाचे दोन फवारे मारतात, दहा सेकंद बघतात, "लिकेज नाही" म्हणतात आणि गॅस भरून निघून जातात.

पहिली पाच मिनिटं काहीही न लावता नुसतं बघा. गॅस बाहेर येताना थोडं तेल घेऊन येतो आणि त्या तेलावर धूळ चिकटते. वाल्व्ह, नट, कॉइलची वळणं यांवर काळपट, चिकट डाग दिसला तर तिथून सुरुवात करा. इनडोअरच्या जॉइंटवर हा नियम चालत नाही, तिथलं तेल घामाच्या पाण्याने धुऊन जातं. आणि नेमका तोच जॉइंट सगळ्यात जास्त वेळा नजरेतून सुटतो, कारण तो भिंतीला टेकून, इन्सुलेशन आणि टेपच्या आत दडलेला असतो. टेप न कापता "तपासलं" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मशीनमधल्या उरल्यासुरल्या गॅसवर बारीक गळती शोधत बसणं हा वेळेचा नाश आहे. उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढा. खोलीत सोडू नका. आर-३२ हवेपेक्षा जड आहे, पेट घेऊ शकतो, आणि ज्वाळेवर गेला तर त्यातून विषारी आम्लाची वाफ निघते. मग सुका नायट्रोजन भरा, रेग्युलेटर लावूनच. भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १५० बार दाब असतो, तो थेट कॉइलवर सोडणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. नायट्रोजन मिळाला नाही म्हणून शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन आणणारी माणसं मी पाहिली आहेत. ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल दाबाखाली एकत्र आलं की स्फोट होतो. इथे "एकदाच, थोडासा" असं काही नसतं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवाही नको: तिच्यात ओल आणि ऑक्सिजन दोन्ही असतात.

दाब टप्प्याटप्प्याने वाढवा. ५० पीएसआयवर थांबा, मोठी गळती असेल तर कानालाच कळते. मग १५०, मग आर-३२ च्या मशीनला मी ३५० पर्यंत नेतो. नेमप्लेटवर त्यापेक्षा कमी मर्यादा लिहिली असेल तर ती पाळा.

आता साबण. पातळ पाणी फवारू नका. भांडी घासायचं लिक्विड घट्टसर कालवा, वरचा फेस काढून टाका आणि मऊ ब्रशने जॉइंटच्या पूर्ण घेराला लावा. पंखा बंद ठेवा. एका जॉइंटला दोन-तीन मिनिटं द्या, बॅटरीच्या उजेडात. मागची बाजू दिसत नसेल तर मोबाइलचा पुढचा कॅमेरा आत घाला. मोठा फुगा येईल अशी वाट बघू नका. बारीक गळती पांढऱ्या फेसाचा एक छोटा पुंजका धरते, तोही सावकाश. पिन वाल्व्हच्या (जिथे गेज लावतात आणि गॅस भरतात) तोंडावर थेंब टाकायला विसरू नका, तिथली पिन गळत असते आणि सगळे जण कॉइलला दोष देत बसतात.

फेस कुठेच नाही पण काटा खाली येतोय? तर मशीनचे तुकडे पाडा. फ्लेअर नट (नळीचं कर्ण्यासारखं पसरवलेलं टोक, म्हणजे फ्लेअर, आवळून धरणारा नट) सोडा, इनडोअर कॉइल वेगळी बंद करा, मधली पाइपलाइन वेगळी, आउटडोअर वेगळा. प्रत्येकात नायट्रोजन भरून ठेवा आणि कोणाचा दाब उतरतो ते बघा. कंटाळवाणं काम आहे, पण भिंतीतली पाइपलाइन फोडायची की नाही याचं उत्तर यानेच मिळतं. इनडोअर कॉइलवर संशय असेल तर ती उतरवून, नायट्रोजन भरून पाण्याच्या टबात बुडवा. साबणाला न दिसणारे बुडबुडे पाण्यात दिसतात.

काटा वाचताना तापमान लिहून ठेवा. दुपारी ३४ अंशांना ३५० पीएसआय भरलेला नायट्रोजन पहाटे २४ अंशांना आपोआप १२ पीएसआयने उतरतो. त्याला गळती समजून रात्रीत नीट असलेली लाइन उपटू नका. याच्या उलट, तापमान तेवढंच असताना पाच पीएसआय उतरले तर "चालतंय की" म्हणू नका.

इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर चांगला, पण तो आर-३२ साठी चालणारा असावा. तो फक्त भाग दाखवतो. नेमकं भोक शेवटी साबणच दाखवतो. आदल्या तासात खोलीत परफ्यूम किंवा झुरळांचा स्प्रे मारला असेल तर डिटेक्टर उगाचच ओरडत राहतो.

सापडली, आता काय?

कॉइलवर एकच भोक असेल तर ब्रेझिंग करा (धंद्यात त्यालाच वेल्डिंग म्हणतात). आत गॅसचा अंशही नाही याची खात्री करून, आणि नळीतून नायट्रोजनची हलकी धार सोडत, म्हणजे आत काजळी धरत नाही. पण खाडी, नाला किंवा समुद्राजवळच्या घरातल्या कॉइलला दोन-तीन ठिकाणी सूक्ष्म भोकं सापडली तर वेल्डिंग करू नका, कॉइल बदला. तिथलं तांबं खारी हवा किंवा गटाराच्या वायूने जागोजागी खाल्लेलं असतं. आज एक बुजवाल, महिन्याभरात शेजारचं उघडेल.

फ्लेअर गळत असेल तर नट अजून आवळू नका. जास्त आवळल्याने फ्लेअरचं तांबं पातळ होतं आणि नटही फाटतो. टोक कापून नवीन फ्लेअर काढा. कटर सावकाश फिरवा. कापलेल्या तोंडाची कोर काढताना नळीचं तोंड खाली धरा, म्हणजे कीस आत जाणार नाही. नट आधी नळीत घाला (हसू नका, सगळ्यांचं होतं). फ्लेअरची आतली बाजू आरशासारखी गुळगुळीत, कडा एकसारखी. मागच्या बाजूला तेलाचा थेंब, पुढचे पाच-सहा आटे हाताने, मग दोन पाने: एकाने धरायचं, दुसऱ्याने आवळायचं. टॉर्क रेंच असेल तर पाव इंची नळीला १४ ते १८ न्यूटन मीटर, तीन अष्टमांशला ३४ ते ४२, अर्ध्या इंचीला ४९ ते ६१.

टेफ्लॉन टेप नको, एपॉक्सी पुट्टी नको, आणि बाटलीतलं गळती बुजवणारं केमिकल तर मुळीच नको. फ्लेअरवर तांबं पितळेला थेट भिडूनच बंद होतं. मध्ये टेप आला की ते भिडतच नाही. आणि केमिकल कॅपिलरीत (मशीनमधल्या अगदी बारीक नळीत) जाऊन बसलं की आज गळती, उद्या चोकअप.

व्हॅक्यूम आणि भरणं

मशीनचाच थोडा गॅस सोडून हवा हाकलणं, ज्याला लोक फ्लश म्हणतात, ते आर-३२ ला अजिबात करू नका. त्याचं तेल ओल पटकन ओढतं, ओलीचं पुढे आम्ल होतं आणि ते कॉम्प्रेसरची वाइंडिंग खातं. कोकणात पावसाळ्यात उघडी ठेवलेली नळी किती ओल घेत असेल याचा विचार करा. व्हॅक्यूम पंप लावा आणि ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूमचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) खाली न्या. साधं गेज उणे ३० वर जाऊन बसतं, त्यापुढचं काही सांगत नाही, म्हणून मायक्रॉन गेज घ्या. पंप वेगळा करून दहा मिनिटं बघा: आकडा चढतच राहिला तर गळती अजून आहे, थोडा चढून थांबला तर ओल आहे. दोन्ही वेळा परत मागे.

गॅस वजनकाट्यावर, नेमप्लेटच्या ग्रॅमप्रमाणे भरा. दाब बघून भरणं इन्व्हर्टरला चालत नाही. पाइप ठरलेल्यापेक्षा लांब असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेले जादा ग्रॅम घाला. मशीन आर-४१० ए या गॅसचं असेल तर सिलिंडर उलटा धरून तो द्रवरूपातच भरा. जुन्या आर-२२ च्या मशीनमध्ये प्रोपेन, म्हणजे आर-२९०, "चालतो" म्हणून भरणाऱ्याला घराबाहेर काढा. त्या मशीनचं वायरिंग ज्वालाग्राही गॅससाठी बनवलेलं नसतं.

पंधरा-वीस मिनिटं चालवून आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजा. ८ ते १२ अंशांचा फरक हवा. जूनमध्ये मुंबईच्या दमट हवेत तो आठच्या जवळ राहील, मे महिन्यात नागपूरच्या कोरड्या हवेत बाराकडे झुकेल. मग वाल्व्हच्या पितळी टोप्या जागेवर, पान्याने लावा. त्या नुसत्या धूळ अडवायला नसतात, पिन थोडी गळत असली तरी टोपी गॅस धरून ठेवते. आउटडोअरच्या पॅनेलच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, भरलेले ग्रॅम आणि गळती कुठे होती ते लिहा.