जॅक्सनची आवृत्ती वाढवण्याआधी: मेव्हन प्रकल्पाची तयारी

जॅक्सन ही जावातली जेसन वाचण्या-लिहिण्याची लायब्ररी, मेव्हन हे जावाचं बिल्ड साधन. पोमला (मेव्हनच्या pom.xml फाइलला) हात लावण्याआधी मुख्य शाखेवर डिपेन्डन्सी ट्री (कोणती लायब्ररी कोणामार्फत आली याचा वृक्ष) काढून फाइलमध्ये ठेवा, तोही व्हर्बोज (सविस्तर) पर्यायासह. साध्या ट्रीत फक्त निवडलेल्या आवृत्त्या दिसतात. व्हर्बोजमध्ये ‘ऑमिटेड फॉर कॉन्फ्लिक्ट’ असा शेरा मारून डावललेल्याही दिसतात. बदलानंतर याच फाइलशी डिफ घ्यायचा आहे.

ट्री वाचताना एवढं ध्यानात असू द्या: मेव्हन सर्वांत नवी आवृत्ती घेत नाही, मुळाशी सर्वांत जवळची घेतो, आणि खोली सारखी असेल तर पोममध्ये आधी लिहिलेली. (ग्रेडल हे दुसरं बिल्ड साधन एरवी सर्वांत नवी घेतं, म्हणून तिकडचा अनुभव इथे चालत नाही.) त्यामुळे दुसऱ्या पातळीवरून आलेली डेटाबाइंड (जॅक्सनचा एक भाग) 2.9 चौथ्या पातळीवरच्या 2.15 ला सहज डावलते. कंपाइल बिनबोभाट होतं, कारण नवी मेथड तुमचा कोड नाही, आधीच कंपाइल झालेली दुसरी लायब्ररी मागते. ‘नो सच मेथड एरर’ येतो तो त्या वाटेने कॉल गेल्यावर, बहुधा प्रॉडक्शनवर.

जॅक्सनच्या कोअर आणि डेटाबाइंड या भागांच्या आवृत्त्या सुट्या लिहू नका. पोमच्या डिपेन्डन्सी मॅनेजमेंट विभागात जॅक्सनचा बीओएम (एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांची यादी) इम्पोर्ट करा. प्रकल्प स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कचा असेल तर आधी पेरेंट (ज्याच्याकडून सेटिंग्ज वारशाने येतात तो पोम) पाहा. बूटचाच स्टार्टर पेरेंट असेल तर जॅक्सन बीओएमच्या आवृत्तीची प्रॉपर्टी बदलली की भागतं. बूटचा बीओएम नुसता इम्पोर्ट केला असेल तर ती प्रॉपर्टी कितीही बदला, ढिम्म फरक पडत नाही. तिथे जॅक्सनचा बीओएम बूटच्या वर लिहावा लागतो, कारण आधीचा जिंकतो. यात भलेभले अडकतात.

एक्सक्लूजन (एखादी डिपेन्डन्सी वगळणं) आवृत्तीच्या भांडणासाठी वापरू नका. जार (लायब्ररीची फाइल) मुळातच नको असेल तेव्हाच ते लावा, उदाहरणार्थ कॉमन्स लॉगिंगची जागा घेणारी जेसीएल-ओव्हर-एसएलएफ4जे असताना कॉमन्स लॉगिंग.

एन्फोर्सर या नियम तपासणाऱ्या मेव्हन प्लगइनमध्ये ‘रिक्वायर अपर बाउंड डेप्स’ हा नियम लावा. कुणी मागितलेल्यापेक्षा जुनी आवृत्ती निवडली गेली की बिल्ड तिथेच पडेल. ‘डिपेन्डन्सी कन्व्हर्जन्स’ (प्रत्येक लायब्ररीची सगळीकडून एकच आवृत्ती मागितलेली हवी) हा नियम जुन्या प्रकल्पात पहिल्याच दिवशी नको, चुकांची रांग लागते.

शेड केलेले (दुसऱ्या लायब्ररीच्या जारमध्येच भरलेले) क्लास ट्रीत दिसत नाहीत. म्हणून तयार जार उघडून जॅक्सनचा ऑब्जेक्टमॅपर हा क्लास किती ठिकाणी आहे ते मोजा, आणि तोच जार क्लास-लोड लॉग चालू ठेवून स्टेजिंगवर चालवा: कोणता क्लास कोणत्या जारमधून आला ते त्यात लिहिलेलं असतं.