रिकॉम्बिनंट प्रोटीनची वायल आली, आता पुढे काय?

जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेलं प्रोटीन वाळवून छोट्या बाटलीत येतं, ती वायल; आली की लगेच झाकण उघडू नका. पावडर इतकी कमी असते की बऱ्याचदा दिसतच नाही, कधी झाकणाला चिकटलेली असते, मग "रिकामी पाठवली" म्हणून सप्लायरला मेल जातात. आधी रूम टेम्परेचरला येऊ द्या, थंड उघडली तर हवेतलं बाष्प आत जातं, मग थोडं सेंट्रिफ्यूज करा आणि मगच उघडा. पावडर काट्यावर ठेवायच्या भानगडीत पडू नका, त्यात मीठ, ट्रेहलोज ही साखर वगैरे असतं, लेबलवरचे १०० मायक्रोग्रॅम म्हणजे नुसतं प्रोटीन.

समजा टीबीच्या जिवाणूचं ईसॅट-६ हे प्रोटीन मागवलंय, ई. कोलाय या जिवाणूत बनवलेलं. डेटाशीटवरचाच बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घ्या, १०० मायक्रोग्रॅमला २०० मायक्रोलिटर टाकला की ०.५ मिलिग्रॅम प्रति मिली. व्हॉर्टेक्स (ट्यूब जोरात हलवणारं यंत्र) अजिबात नको, फेस आला की प्रोटीन बिघडतं, हळू फिरवून थोडा वेळ ठेवून द्या. मग लगेच छोटे अलिकॉट, म्हणजे वेगळ्या ट्यूबमध्ये थोडे थोडे भाग, करून −८० अंश सेल्सिअसला, आणि एकदा वितळलेला अलिकॉट परत गोठवायचा नाही. फार पातळ केलं तर प्रोटीन ट्यूबच्या प्लास्टिकला चिकटतं म्हणून लोक ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) घालतात, चालतं, फक्त नंतर ब्रॅडफर्ड (प्रोटीन मोजायची चाचणी) लावलंत तर मुख्यतः बीएसएच मोजाल.

आता खरी गोम. ई. कोलायमधून आलेल्या प्रोटीनसोबत एंडोटॉक्सिन, म्हणजे त्या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातलं एलपीएस, येतं. वेस्टर्न ब्लॉट किंवा एलायझा (अँटीबॉडी वापरून करायच्या चाचण्या) करणार असाल तर सहसा फरक पडत नाही, पण मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींवर टाकलंत तर टीएनएफ (दाह वाढवणारं प्रोटीन) वाढतं आणि आपण खूश, की ईसॅट-६ ने काम केलं, प्रत्यक्षात ते एलपीएसने पेशीवरच्या टीएलआर-४ या रिसेप्टरमार्फत केलेलं असतं. जेलवर ९५ टक्के शुद्ध दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका, जेलवरची प्रोटीनं रंगवणाऱ्या कूमासीला एलपीएस दिसत नाही. त्यामुळे ऑर्डर देतानाच त्या लॉटचा (उत्पादनाच्या खेपेचा) एंडोटॉक्सिन आकडा मागा.

परिणाम प्रोटीनचा की एलपीएसचा हे तपासायला कंट्रोल दोन लावा. एकात प्रोटीनेज-के या प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमने प्रोटीन पचवा आणि मग गरम करून ते एन्झाइम बंद करा, एलपीएस उष्णतेला दाद देत नाही, तेव्हा सिग्नल तसाच राहिला तर तो एलपीएसचाच असल्याचा संशय पक्का. नुसतं उकळून भागत नाही कारण काही छोटी प्रोटीनं थंड झाल्यावर परत घडी घालतात. दुसऱ्यात पॉलिमिक्सिन-बी हे अँटिबायोटिक, ते एलपीएसला धरून ठेवतं, पण एलपीएस जास्त असेल तर पुरं पडत नाही.