कॅनकूनला जाताय? दोन रात्री वायादोलिदला काढा

अमेरिकेतली आपली मंडळी डिसेंबरात मेक्सिकोतल्या कॅनकूनला जातात, रिसॉर्टवर राहतात, एक दिवस बसटूरने चिचेन इत्झा हे माया लोकांचं जुनं शहर बघतात, फोटो काढतात आणि परत. माझं ऐका, दोन रात्री वायादोलिद गावात काढा, तिथून चिचेन इत्झा पाऊण तासावर आहे आणि कोलेक्टिवो म्हणजे आपली वडाप थेट जाते.

अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, फक्त पासपोर्टवरच्या व्हिसा स्टॅम्पची तारीख संपलेली नाही ना ते आधी बघा. आणि वायादोलिद, चिचेन इत्झा युकातान राज्यात येतात, कॅनकूनचं घड्याळ त्या राज्याच्या एक तास पुढे असतं, गाडीची वेळ ठरवताना यात हमखास घोळ होतो.

चिचेन इत्झाचं गेट सकाळी ८ ला उघडतं, तेव्हाच पोचा, कारण नंतर कॅनकूनच्या बसेस येतात आणि ऊन पण चढतं. तिकिटाचे दोन भाग असतात, एक राज्याचं एक केंद्राचं, त्यामुळे पेसो कॅश जवळ ठेवा. कुकुलकान या नागदेवाच्या पिरॅमिडवर आता चढू देत नाहीत. चार बाजूंना ९१-९१ पायऱ्या आणि वरची एक धरून ३६५, वर्षाचे दिवस! जिन्यासमोर उभं राहून एक टाळी वाजवा, पक्षी ओरडल्यासारखा आवाज परत येतो, पोरांना हे सगळ्यात जास्त आवडतं. वेळ असेल तर उश्माल हे दुसरं जुनं माया शहर पण करा, गर्दी कमी आणि दगडातली नक्षी अप्रतिम, तिथे पावसाचा देव चाक याचे मुखवटे भिंतीभर आहेत कारण त्या भागात पाणी जमिनीखालच्या टाक्यांत साठवूनच भागवावं लागायचं.

आता मला खरं सांगायचंय ते हे, की माया लोक कुठे गायब वगैरे झालेले नाहीत. तुमचा गाईड, हॉटेलात भांडी घासणारी ताई, सेनोतेवर (म्हणजे पाण्याने भरलेला नैसर्गिक खोल खड्डा) लाइफ जॅकेट देणारा पोरगा, यांच्यातले कितीतरी जण घरी माया भाषाच बोलतात. दोन शब्द पाठ करून जा: 'बिश आ बेल?' म्हणजे कसं काय, 'मालोब' म्हणजे छान. स्पॅनिशपेक्षा याने चेहरा जास्त खुलतो. फोटो मात्र विचारूनच काढायचा, विशेषतः भरतकामाचा पांढरा उइपिल झगा घातलेल्या आज्यांचा.

खाणं बाजारात खा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, दळून मग हाताने थापतात, आणि तव्यावर तोर्तिया टम्म फुगली की आपली भाकरीच आठवते. मी फोनवर आईचा भाकरी थापतानाचा व्हिडिओ दाखवला तर तोर्तिया थापणारी बाई आपल्या सासूला हाक मारून घेऊन आली, मग अर्धा तास आम्ही हातवारे करूनच बोललो. असे घरचे व्हिडिओ फोनमध्ये ठेवाच, भेट म्हणून बियाणं-खाऊ नेलं तर ते कस्टमला अडकू शकतं. शाकाहारी असाल तर 'सिन कार्ने, सिन मान्तेका' म्हणा, कारण राजम्यासारख्या काळ्या बीन्समध्ये डुकराची चरबी असते बऱ्याचदा. सिकिल पाक नक्की मागा, भोपळ्याच्या भाजलेल्या बिया आणि टोमॅटो वाटून केलेली चटणीच ती.

सेनोतेत उतरायच्या आधी अंघोळ करा, सनस्क्रीन लावू नका, ते पाणी गावाचं आहे.

जमलं तर ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबरला जा. हानाल पिशान असतो, गेलेल्या माणसांसाठी घरोघरी पान वाढतात, अगदी आपल्या पितरांसारखं, आणि जमिनीत खड्डा करून भाजलेला मोठा तामाल (मक्याच्या पिठाचा, पानात गुंडाळलेला पदार्थ) करतात. कोणी घरी बोलावलं तर हात हलवत जाऊ नका, मेणबत्त्या आणि फुलं घेऊन जा.