रोप टो कसा धरायचा आणि कसा सोडायचा: न्यूझीलंडच्या क्लब फील्डला जायच्या आधी हे वाचा

क्राइस्टचर्चकडची आपली बरीच मराठी मंडळी हल्ली स्कीइंग शिकतायत, आणि चेअरलिफ्टवर जरा जमायला लागलं की ग्रुपमधला कोणीतरी म्हणतोच, चला यावेळी क्रेगीबर्नला जाऊ, गर्दी नसते, बर्फ मस्त असतो. सगळं खरंय. फक्त तिथे बसून वर जायची सोय नाही, दोर धरून वर जायचं असतं. ब्रोकन रिव्हर, टेंपल बेसिन, माउंट ऑलिंपस या बाकीच्या क्लब फील्डवरही (म्हणजे स्की क्लब चालवतात त्या स्कीइंगच्या जागा) तेच. पहिल्या दिवशी लोक घाबरतात ते उतारापेक्षा या दोरालाच, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

रोप टो म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत गोल फिरत राहणारा दोर, एका टोकाला मोटर. अमेरिकेतला पहिला १९३४ च्या जानेवारीत व्हरमाँटमधल्या वुडस्टॉकला एका शेतातल्या टेकडीवर लागला, तो फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या इंजिनवर चालायचा. तत्त्व आजही तेच आहे. दोर थांबत नाही, तुमच्यासाठी स्लो पण होत नाही, तुम्हालाच त्याचा वेग पकडायला लागतो आणि सगळी गोम तिथेच आहे.

साध्या टोवर दोर नुसता हातात धरतात, एक हात पुढे आणि दुसरा पाठीमागून. पण न्यूझीलंडचे उतार लांब आणि उभे आहेत, नुसत्या हातांनी तेवढं वर जाणं जमत नाही, त्यामुळे कमरेच्या खाली पट्टा बांधतात आणि त्याला छोट्या दोरीने एक धातूचा चिमटा लावलेला असतो, त्याला नटक्रॅकर म्हणतात. दिसायला सुपारीच्या अडकित्त्यासारखाच, एक बिजागरी आणि दोन दांड्या. तो दोरावर टाकून मिटला की ओढ हातांवर न येता त्या पट्ट्यावर येते.

आता तयारी, आणि माझ्या मते निम्मी सेफ्टी इथेच आहे. चालता दोर स्वतःभोवती पीळ घेत फिरतो. त्याच्या जवळ काहीही लोंबकळत असेल तर ते गुंडाळलं जातं, आणि एकदा गुंडाळायला लागलं की हाताने ओढून सुटत नाही. मफलर घालूच नका, गळा झाकायला बंद नेक वॉर्मर घ्या. वेणी किंवा मोकळे केस जॅकेटच्या आत, नुसते हेल्मेटखाली खोचले तर ते बाहेर येतात. जॅकेटच्या नाड्या, सॅकचे पट्टे, कॅमेऱ्याचा बेल्ट, सगळं आत खोचा. स्की पोलचे फास मनगटात अडकवू नका, दोन्ही पोल दोरापासून लांबच्या हातात एकत्र धरा. आणि ग्लोव्हजवर चढवायचे जाड प्रोटेक्टर घ्याच, साधारण फील्डवरच मिळतात. दोर तळहातावरून घासत जातो तेव्हा चांगल्या महागाच्या ग्लोव्हजलाही भोक पडतं.

पट्टा कमरेवर नाही, खाली नितंबांवर घट्ट बांधायचा. वर सरकला तर पूर्ण ओढ पोटावर येते.

मग दोराला समांतर उभं राहा, दोन्ही स्की सरळ वरच्या दिशेने, गुडघे थोडे वाकवून. पुढचा माणूस पुरेसा लांब गेला की दोराच्या बाजूच्या हाताने दोर हलकेच धरा, म्हणजे आधी मुठीतून घसरू द्या आणि मग हळूहळू मूठ आवळत जा. एकदम गच्च धरलात तर गचका बसून तुम्ही तोंडावर पडणार, नव्या लोकांचं सगळ्यात जास्त हेच होतं. तुम्ही दोराच्या वेगाने चालायला लागलात की दुसऱ्या हाताने नटक्रॅकर उचलून दोरावर टाका, मिटा, दांड्या घट्ट धरून ठेवा. गडबड करू नका पण रेंगाळू पण नका, कारण वाटेतल्या खांबावरची पहिली कप्पी येईपर्यंतच वेळ असतो. त्याआधी चिमटा लागला नाही तर दोर सोडून द्या, बाजूला व्हा, परत रांगेत या. यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

कप्प्यांबद्दल मात्र अगदी कळकळीने सांगतोय. दोर वाटेत खांबांवरच्या कप्प्यांवरून जातो आणि तुमचा चिमटाही त्यावरून खटकन पार होतो, तशीच त्याची रचना आहे. तुमची बोटं मात्र पार होणार नाहीत. चिमटा लागला की दोरावरचा हात लगेच काढा, तो परत दोरावर ठेवू नका, तोल गेला तरीही. हात फक्त दांड्यांवर. स्की कप्पीपासून थोड्या बाहेर ठेवा, दोर बाजूला खेचू नका, नाहीतर तो कप्पीवरून उतरतो आणि मागच्या सगळ्यांना थांबावं लागतं.

पडलात तर ताबडतोब दांड्या सोडा, चिमटा आपोआप उघडतो. मग लोळत दोरापासून लांब व्हा, मागून माणसं येतायत. धरून ठेवून सावरायला बघू नका.

वर पोचलात की उतरायच्या पाटीपाशी दांड्या सोडा आणि लगेच बाजूला सरका. त्याच्या पुढे सहसा सेफ्टी गेट किंवा आडवी तार असते, कोणी सुटलं नाही आणि तिथवर गेलं की मोटर बंद पडते. ही शेवटची सोय आहे, तिच्या भरवशावर राहू नका. घरच्या टेकडीवर जुनं इंजिन लावून टो बनवणारे लोकही असतात, तिथे असं गेट आणि खाली बंद करायला उभा असलेला माणूस, यातलं एक जरी नसलं तरी मुलांना दोराला हात लावू देऊ नका.

स्नोबोर्डवाल्यांना हे सगळं जास्त अवघड जातं, दोर पाठीच्या बाजूला आला की तर फारच. फील्डवर लर्नर टो (शिकणाऱ्यांसाठीचा टो) असेल तर आधी त्यावर शिका, क्लबचे लोक मागितली की मदत करतात, शेजारी उभं राहून चिमटा टाकायला शिकवतात. आणि दुपारनंतर मूठ आवळायला जड वाटायला लागली की तिथेच थांबा, कारण दांड्या धरायला जोर लागतो आणि दमलेल्या हाताने कप्पीवरून जाणं मला अजिबात पटत नाही.