एक्सवर कम्युनिटी नोट लिहायचीय? मग आधी रेटिंग करा

पावसाळा आला की एक्सवर (म्हणजे आधीच्या ट्विटरवर) मुंबईत पाणी भरल्याचे जुने व्हिडिओ आत्ताचे म्हणून फिरायला लागतात, आपण कमेंटमध्ये "अहो जुना आहे" लिहितो आणि ती कमेंट कुठेतरी तळाला जाते. कम्युनिटी नोट, म्हणजे वापरणाऱ्यांनीच लिहिलेला खुलासा, मात्र थेट पोस्टखाली दिसते. 2021 ला अमेरिकेत बर्डवॉच नावाने हे सुरू झालं आणि एप्रिल 2024 पासून भारतातूनही यात भाग घेता येतो, त्यामुळे मराठी लोकांनी यात यायलाच हवं.

अकाउंट किमान सहा महिने जुनं हवं, फोन नंबर व्हेरिफाय केलेला हवा आणि अलीकडे नियम मोडलेले नकोत. आत घेतलं की टोपणनाव मिळतं, नोटवर तेच दिसतं, म्हणजे कोणी तुमच्या प्रोफाइलवर येऊन शिव्या घालणार नाही.

पण लगेच लिहिता येत नाही. रेटिंग इम्पॅक्ट नावाचा स्कोअर शून्यापासून 5 वर न्यावा लागतो, म्हणजे दुसऱ्यांच्या नोट्स तपासून त्या उपयुक्त आहेत की नाही ते सांगायचं (हेच रेटिंग), तुमचं मत शेवटी नोटच्या निकालाशी जुळलं तर पॉइंट वाढतात, उलटं गेलं तर कमी होतात. म्हणून लिंक उघडून वाचल्याशिवाय रेटिंग देऊ नका, प्लीज.

आता मुख्य गोष्ट. इथे बहुमत चालत नाही! एकाच गटाच्या हजार लोकांनी उपयुक्त म्हटलं तरी नोट दिसेलच असं नाही, एरवी ज्यांची रेटिंग एकमेकांशी जुळत नाहीत अशा लोकांना ती पटावी लागते. (हे ठरवणारा अल्गोरिदम आणि डेटा दोन्ही सगळ्यांसाठी खुले आहेत, कोणीही तपासू शकतं, मला हेच सगळ्यात जास्त आवडतं.) त्यामुळे नोट लिहिताना तुमच्या विरोधी पक्षाचा माणूस समोर आहे असं समजा. "अफवा पसरवणाऱ्यांना लाज वाटू दे" असलं काही नको, "हा व्हिडिओ जुना आहे, तेव्हाची बातमी इथे पाहा" आणि लिंक, बस्स.

जुना व्हिडिओ शोधायला त्यातली एक फ्रेम थांबवून स्क्रीनशॉट काढा, गुगल लेन्सला द्या, सगळ्यात जुनं अपलोड सापडेपर्यंत मागे जात राहा, दुकानाच्या पाट्या आणि गाड्यांच्या नंबरप्लेटही बघा, राज्य तिथेच कळतं. पोस्ट मराठीत असेल तर नोटही मराठीतच लिहा.

नुसत्या मतावर किंवा भविष्यवाणीवर नोट लिहू नका, ती टिकत नाही, आणि तुमच्या नोट्स वारंवार निरुपयोगी ठरल्या तर लिहिण्याची परवानगी जाते, मग परत रेटिंग करून मिळवावी लागते. बऱ्याचशा नोट्स "आणखी रेटिंग हवं" इथेच अडकतात, त्यामुळे लिहिणारे कमी असले तरी चालेल, रेटिंग करणारे मराठी लोक जास्त हवेत.